असले करार करतं कोण? तुम्हीच की!

मार्च २०२५ मध्ये ट्रम्पतात्यांनी पत्रकारांसमोर जपानचा विषय काढला. आम्ही जपानला वाचवायचं पण त्यांच्यावर आम्हाला वाचवायचं बंधन नाही, असले करार करतं तरी कोण, असा त्यांचा सवाल होता. २०१९ मध्ये तर ते म्हणाले होते की अमेरिकेवर हल्ला झाला तर जपानी लोक तो सोनीच्या टीव्हीवर बघत बसतील. झालं, आपल्याकडे लगेच दोन तट पडले. एक तट म्हणतो, बरोबरच आहे, अमेरिकेने फुकट चौकीदारी केली आणि जपान्यांनी तेवढ्या वेळात टोयोटा आणि सोनी उभ्या केल्या. दुसरा तट म्हणतो, कसली चौकीदारी, अणुबॉम्ब टाकला, संविधान लिहून हातात दिलं आणि देश खिशात घातला, जपान म्हणजे अमेरिकेची तैनाती फौज आहे. आणि मग दोन्हीकडचे लोक त्यावरून भारताने अमेरिकेशी किती जवळीक करावी याचे निष्कर्ष काढून मोकळे.

मला दोन्ही बाजू सारख्याच आळशी वाटतात. तात्यांचा प्रश्न खरं तर चांगला आहे, फक्त त्याचं उत्तर शोधायचे कष्ट कोणी घेत नाही. हा करार, म्हणजे अमेरिका-जपान सुरक्षा करार, एकतर्फी आहे कारण तो एकतर्फी असावा असं १९५१ मध्ये वॉशिंग्टनला हवं होतं. त्यांना जपानी सैनिक मिळाले असते तर हवेच होते, पण त्याहून जास्त हवी होती ती जमीन, बंदरं आणि धावपट्ट्या, आणि त्या त्यांनी मिळवल्या. जपानी नेत्यांनी त्या बदल्यात वेळ आणि पैसा मिळवला. त्यामुळे फुकट काहीच नव्हतं, आणि गुलामीही नव्हती, चोख व्यवहार होता. एवढंच की या व्यवहाराचं बिल ज्याच्या नावावर फाडलं गेलं तो टेबलावर नव्हताच. तो म्हणजे जपानच्या दक्षिण टोकाचं बेट, ओकिनावा.

आधी एक गैरसमज काढू. आपण 'अमेरिकेचं धोरण' असं बोलतो जणू कुठेतरी एक मोठा नकाशा पसरून सगळं ठरलं होतं. प्रत्यक्षात अमेरिकेतच चार तोंडं चार दिशांना होती. फेब्रुवारी १९४६ मध्ये, हरलेला जपान अमेरिकेच्या ताब्यात असताना, तिथला अमेरिकन सेनापती मॅकआर्थरने आपल्या लोकांना तीन मुद्द्यांचं टिपण दिलं आणि टोकियोतल्या दाई-इची इमारतीत बसून त्याच्या गव्हर्नमेंट सेक्शनने आठवडाभरात जपानच्या संविधानाचा मसुदा उरकला. त्या टिपणात जपानने स्वतःच्या बचावासाठीसुद्धा युद्ध करायचं नाही असं लिहिलेलं. चार्ल्स केड्स नावाच्या कर्नलने, जो मुळात वकील होता, तो स्वसंरक्षणालाही बंदी करणारा तुकडा काढून टाकला, कारण हल्ला झाला तर हात बांधून बसा असं कुठल्याही देशाला सांगणं त्याला अव्यवहार्य वाटलं. आज जपानकडे जे सेल्फ डिफेन्स फोर्सेस आहेत, जगातल्या बऱ्यापैकी मोठ्या नौदलांपैकी एक आहे, त्या सगळ्याला कायद्याची जी फट लागते ती पडायला तिथून सुरुवात झाली. आता बोला, महासत्तेचा मास्टरप्लॅन म्हणायचा की एका वकिलाची समज?

आणि दोनच वर्षांत हवा फिरली. जानेवारी १९४८ मध्ये लष्कर खात्याचा मंत्री केनेथ रॉयल भाषणात सांगतो की जपान हा एकाधिकारशाहीविरुद्धचा तट झाला पाहिजे. मार्चमध्ये परराष्ट्र खात्याचा धोरणकर्ता जॉर्ज केनन टोकियोला जाऊन मॅकआर्थरला भेटतो आणि परत येऊन लिहितो की सुधारणा पुरे, आता अर्थव्यवस्था उभी करा. ऑक्टोबरात तेच अधिकृत धोरण होतं. १९४९ मध्ये डेट्रॉइटचा बँकर जोसेफ डॉज येऊन बजेट कडक करतो आणि डॉलरला ३६० येन असा दर बांधून देतो. मॅकआर्थर मात्र तेव्हाही म्हणतोय की जपान पॅसिफिकचं स्वित्झर्लंड होईल, त्याला सैन्य नको. पेंटागॉनचं म्हणणं तिसरंच, शांतता करारच लांबवा, कारण ताबा संपला तर बेस जातील. म्हणजे परराष्ट्र खात्याला करार हवा, संरक्षण खात्याला ताबा हवा आणि टोकियोतल्या जनरलला इतिहासात आपलं नाव हवं.

मग २५ जून १९५० ला कोरियात युद्ध पेटलं. जपानमधले अमेरिकन सैनिक तिकडे गेले, मागे जागा रिकामी पडली, आणि ज्या मॅकआर्थरने सैन्यबंदीचं कलम लिहवून घेतलं त्यानेच ८ जुलैला पत्र पाठवून ७५,००० जणांचं 'पोलीस राखीव दल' उभारायला सांगितलं. नाव पोलीस, काम लष्कराचं. त्याच ऑक्टोबरात अमेरिकन नौदलाच्या सांगण्यावरून जपानी सुरुंगशोधक बोटी गुपचूप कोरियाच्या किनाऱ्यावर गेल्या, वोनसानजवळ एक बुडाली आणि त्यात एक जपानी माणूस मेला. युद्ध कायमचं सोडून दिल्याचं संविधान लागू होऊन जेमतेम साडेतीन वर्षं झाली होती!

इथे अमेरिकेच्या वतीने शांतता कराराची बोलणी करायला जॉन फॉस्टर डलेस येतो. ट्रूमन डेमोक्रॅट, डलेस रिपब्लिकन, पण सिनेटमध्ये करार पास करून घ्यायचा तर विरोधी पक्षाचा माणूस हवा म्हणून त्याला हे काम दिलं गेलं. जानेवारी १९५१ मध्ये टोकियोत पोचल्यावर त्याने आपल्या सहकाऱ्यांसमोर मुख्य मुद्दा मांडला तो असा की, आपल्याला हवे तेवढे सैनिक, हव्या त्या ठिकाणी, हवा तितका काळ ठेवायचा हक्क मिळतोय की नाही. जपानचं रक्षण कसं करायचं हा त्याचा पहिला प्रश्न नव्हता. जपानने लाखांच्या घरात सैन्य उभं करावं असंही त्याला वाटत होतं. आणि समोर बसला होता जपानचा पंतप्रधान योशिदा शिगेरू, बहात्तरीचा, सिगारवाला, आतून पक्का कंझर्व्हेटिव्ह आणि बाहेरून कमालीचा चिवट. योशिदाने सांगितलं, देश भिकेला लागलाय, लोकांना लष्कराचा तिटकारा आलाय, शेजारी घाबरतील आणि तुमचंच संविधान आड येतं. डलेस वैतागला. योशिदाने मग मॅकआर्थरला मध्ये घेतलं आणि मॅकआर्थरने योशिदाचीच बाजू घेतली. डलेस येणार म्हटल्यावर समाजवाद्यांना 'जरा सैन्यभरतीविरुद्ध आंदोलन करा की' असा निरोप योशिदानेच पाठवला होता असंही नंतर सांगितलं गेलं. शेवटी ५०,००० च्या सुरक्षा दलाचं गुपचूप आश्वासन देऊन त्याने वेळ मारून नेली. १९५३ मध्येही तेच, अमेरिका म्हणते सव्वातीन लाखांचं भूदल करा, योशिदाचा माणूस इकेदा हायातो म्हणतो १,८०,००० च्या वर जमणार नाही. हे गुलामाचं वागणं आहे का? मंडईत घासाघीस करणारं गिऱ्हाईकही इतकं ताणत नाही.

८ सप्टेंबर १९५१. सकाळी सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑपेरा हाऊसमध्ये थाटामाटात शांतता करार झाला, जपानसह ४९ देशांच्या सह्या. त्याच दिवशी दुपारी प्रेसिडिओच्या लष्करी तळावर, नॉन-कमिशन्ड अधिकाऱ्यांच्या क्लबात, सुरक्षा करार झाला. अमेरिकेकडून चार सह्या आणि जपानकडून एकटा योशिदा. शिष्टमंडळातल्या इकेदाला त्याने म्हणे मुद्दाम लांब ठेवलं, कारण या कागदावर सही करणाऱ्याला पुढे घरी शिव्या बसणार हे त्याला कळत होतं. कागद होताच तसा. अमेरिकेला जपानमध्ये फौज ठेवायचा हक्क, पण जपानचं रक्षण करायचं स्पष्ट बंधन नाही. जपान सरकारने मागितलं तर देशांतर्गत मोठे दंगे दाबायलाही ही फौज वापरता येणार. तिसऱ्या देशाला बेस द्यायचा तर अमेरिकेची परवानगी. आणि मुदत? मुदतच नाही. बंधन का नाही, तर म्हणे सिनेटच्या १९४८ च्या व्हँडेनबर्ग ठरावाप्रमाणे जो देश स्वतः लढू शकत नाही त्याला हमी देता येत नाही. म्हणजे आधी शस्त्रं काढून घ्यायची आणि मग तुमच्याकडे शस्त्रं नाहीत म्हणून हमी नाकारायची. तात्या, करार एकतर्फी होता हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं, फक्त तर्फ चुकली.

आपल्या नेहरूंनी या परिषदेला जायचंच नाकारलं होतं, आणि त्यावरून आजही त्यांना भाबडं ठरवणारे लोक भेटतात. पण भारताचे आक्षेप काढून वाचा. ओकिनावासकट र्‍युक्यू बेटं जपानला परत मिळावीत, आणि परदेशी फौजेचा निर्णय जपानने पूर्ण सार्वभौम झाल्यावर स्वतः घ्यावा, ताब्यात असताना नव्हे. भारताने जून १९५२ मध्ये वेगळा करार केला आणि नुकसानभरपाई सोडून दिली. पुढची सत्तर वर्षं ज्या दोन गोष्टींवरून जपानी राजकारण धुमसत राहिलं, त्या दोन्हींवर दिल्लीने तेव्हाच बोट ठेवलं होतं. भाबडेपणा असलाच तर भलताच नेमका होता म्हणायचा.

आता तैनाती फौजेवाल्यांकडे येतो, कारण त्यांचा मुद्दा आपल्या इतिहासातून आलाय आणि वरवर पाहता दमदार आहे. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने वसईच्या तहावर सही केली, कंपनीच्या सहा पलटणी पदरात घेतल्या, त्यांच्या खर्चासाठी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला, परराज्यांशी बोलणी करायची तर कंपनीला विचारून करायची असं कबूल केलं, आणि पंधराच वर्षांत शनिवारवाड्यावर युनियन जॅक लागला. जपानचं काय वेगळं, असा प्रश्न विचारतात. बरंच सारखं आहे हे मी मान्य करतो. १९५९ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने सुनागावा खटल्यात अमेरिकन फौजच घटनाबाह्य ठरवली, आणि वरचा निकाल लागायच्या आधी अमेरिकन राजदूत, जो मॅकआर्थरचा सख्खा पुतण्या होता, जपानच्या सरन्यायाधीशांशी या खटल्यावर खासगीत बोलला होता, हे अमेरिकेच्याच कागदपत्रांतून २००८ मध्ये बाहेर आलं. वर्षअखेरीस सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवलाच. १९५६ मध्ये जपान रशियाशी कुरील बेटांवर तडजोड करायला निघाला तेव्हा डलेसने दम भरला की ती बेटं सोडलीत तर आम्हीही ओकिनावा सोडणार नाही. सार्वभौम देशाला असं कोणी बोलतं?

पण वसईच्या तहाशी तुलना पुढे टिकत नाही. बाजीरावाला करार बदलून घेता आला नाही, जपानला आला. १९६० मध्ये आयझेनहॉवर आणि जपानचे पंतप्रधान किशी यांनी नवा करार केला, त्यात रक्षणाचं बंधन आलं, दंगे दाबायचं कलम गेलं, दहा वर्षांची मुदत आली आणि त्यानंतर कोणीही एक वर्षाची नोटीस देऊन बाहेर पडू शकतो अशी सोय आली. आणि हा सुधारलेला करारसुद्धा जपानी जनतेने शांतपणे गिळला नाही. किशीने विरोधी खासदारांना पोलिसांकरवी उचलून बाहेर काढून १९ मेच्या रात्री मंजुरी घेतली, त्यावर लाखो लोक रस्त्यावर आले, जूनमध्ये संसदेच्या आवारात एक विद्यार्थिनी मेली, आयझेनहॉवरला जपानचा दौरा रद्द करावा लागला आणि किशीला खुर्ची सोडावी लागली. व्हिएतनाममध्ये दक्षिण कोरियाने सैन्य पाठवलं, ऑस्ट्रेलियाने पाठवलं, जपानने एकही सैनिक पाठवला नाही, आणि नकार देताना पुढे केलं ते अमेरिकेनेच लिहून दिलेलं संविधानातलं सैन्यबंदीचं नववं कलम. १९५३ मध्ये तेव्हाचा अमेरिकन उपाध्यक्ष निक्सन टोकियोत येऊन १९४६ ची निःशस्त्रीकरणाची चूक जाहीर कबूल करून गेला ते उगाच नाही. स्वतःच घातलेली गाठ सुटत नव्हती.

राहिला पहिला तट, 'फुकट' वाला. त्यांचा सगळ्यात जड मुद्दा पैशाचा आहे आणि तो खोटा नाही. साठच्या दशकापासून जपानचा संरक्षणखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १ टक्क्याच्या आसपास राहिला, १९७६ मध्ये तर मिकी सरकारने ती मर्यादाच ठरवून टाकली, आणि त्याच काळात अमेरिका त्याच्या कितीतरी पट खर्च करत होती. अण्वस्त्रांची छत्रीही खरी होती. छत्री नसती तर चीनने १९६४ मध्ये अणुचाचणी केल्यावर जपान शांत बसला असता का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. वर कोरियन युद्धाच्या खरेदीने टोयोटासकट सगळा उद्योग तरला. सगळं कबूल. पण मग हिशेबाची दुसरी बाजूही मांडा की. जपानमधलं योकोसुका हे अमेरिकेबाहेरचं एकमेव बंदर आहे जिथे अमेरिकन विमानवाहू नौका कायमची मुक्कामाला असते. कोरियाचं युद्ध जपानमधून चाललं, व्हिएतनामवर बॉम्ब टाकणारी बी-५२ विमानं ओकिनावाच्या काडेनाहून उडाली. १९७८ पासून जपान बेसच्या खर्चाचा वाटा स्वतः उचलतो, चालू पाच वर्षांच्या करारात दरवर्षी सुमारे २११ अब्ज येन. १९९१ च्या आखाती युद्धात १३ अब्ज डॉलर दिले, आणि कुवेतने आभाराची जाहिरात छापली तर त्यात जपानचं नावच नव्हतं. आणि १९६० च्या कराराच्या पाचव्या कलमानुसार जपानमधल्या अमेरिकन तळावर हल्ला झाला तर जपानलाही लढायचंच आहे, त्यामुळे 'त्यांच्यावर काही बंधन नाही' हेही पुरतं खरं नाही. एवढं सगळं मिळत असताना घरमालकालाच फुकट्या म्हणायचं याला धाडस लागतं.

पण घर कोणाचं, हा प्रश्न दोन्ही तट टाळतात. आयजीच्या जीवावर बायजी उदार ही म्हण टोकियोला अगदी चपखल बसते. सप्टेंबर १९४७ मध्ये सम्राट हिरोहितोने आपल्या माणसाकरवी अमेरिकनांना निरोप दिला की ओकिनावा पंचवीस, पन्नास किंवा जास्त वर्षांच्या भाडेपट्ट्याने ठेवून घ्या, नावापुरता हक्क आमचा राहू द्या. मॅकआर्थरने त्याच वर्षी पत्रकारांना सांगितलं होतं की ओकिनावाचे लोक जपानी नाहीतच, त्यामुळे जपान्यांची हरकत नसेल. दोघांचं गणित जुळलं. १९४५ च्या लढाईत ज्या बेटाची सुमारे एक चतुर्थांश माणसं मेली, त्याच बेटावर २८ एप्रिल १९५२ ला, म्हणजे जपान स्वतंत्र झाला त्या दिवशी, अमेरिकन लष्करी राजवट कायम झाली. २०१३ मध्ये आबे सरकारने हा दिवस सार्वभौमत्व पुनःप्राप्तीचा म्हणून साजरा केला तेव्हा ओकिनावात निषेधसभा झाली, तिथे त्याला अपमानाचा दिवस म्हणतात.

आणि इथे ती गोष्ट येते जी मला सगळ्यात जास्त टोचते. पन्नासच्या दशकात मुख्य भूमीवर बेसविरोधी आंदोलनं पेटली. १९५७ मध्ये फायरिंग रेंजवर रिकामी काडतुसं वेचणाऱ्या एका बाईला अमेरिकन सैनिकाने मारलं आणि देश खवळला. वॉशिंग्टनने ऐकलं, मुख्य भूमीवरचं लष्कर कमी केलं. त्याच काळात गिफू आणि यामानाशीतले मरीन्स गेले कुठे? ओकिनावाला. तिथे जपानी संविधान लागू नव्हतं, तिथे संगिनी रोखून आणि बुलडोझर लावून भातशेती सपाट करता येत होती, इएजिमा आणि इसाहामाच्या शेतकऱ्यांनी ते अनुभवलंय. म्हणजे जपानी लोकशाहीचा विजय आपण साजरा करतो त्याचं ओझं जाऊन पडलं ते ज्यांना मत नव्हतं त्यांच्यावर. १९५८ ते १९७२ तिथे डॉलर चालत होता, जपानच्या मुख्य भूमीवर जायचं तर प्रवासाचा परवाना लागत होता, आणि जपानला परत मिळाल्यावरही १९७८ पर्यंत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने धावत होत्या.

परत मिळाला तोही कसा? नोव्हेंबर १९६९ मध्ये निक्सन आणि जपानचे पंतप्रधान सातो यांनी जाहीर केलं की ओकिनावा १९७२ मध्ये अण्वस्त्रांविना परत. त्याच वेळी ओव्हल ऑफिसला लागून असलेल्या छोट्या खोलीत दोघांनी दुसऱ्या एका कागदावर सह्या केल्या, आणीबाणीत अण्वस्त्रं पुन्हा आणता येतील असं त्यात होतं. वर निक्सनला कापड निर्यातीवर लगाम हवा होता तोही त्यात गुंतवला गेला. सातोंना १९७४ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. तो कागद त्यांच्या घरच्यांना टेबलाच्या खणात मिळाल्याचं २००९ मध्ये जाहीर झालं. नोबेल समितीला खणात डोकावायची सोय नसते, काय करणार.

'ओकिनावाचं पोटच बेसवर आहे' असंही एक उत्तर ऐकवलं जातं. १९७२ मध्ये तिथल्या उत्पन्नात बेसचा वाटा पंधरा टक्क्यांच्या घरात होता, आता पाच-सहा टक्क्यांवर आलाय, पर्यटन कुठल्या कुठे पुढे गेलंय. उलट परत मिळालेल्या जमिनीवर मॉल आणि ऑफिसं उभी राहून जास्त कमाई होते असं तिथलंच प्रशासन सांगतं. सामरिक कारण मात्र खरं आहे, तैवान जवळ आहे, चीनचं नौदल वाढलंय, आणि हे मी हलक्यात घेत नाही. पण तैवान क्यूशूलाही फार लांब नाही. देशाच्या ०.६ टक्के जमिनीवर फक्त अमेरिकेसाठी राखलेल्या तळांची सुमारे ७० टक्के जमीन का असावी, याचं भूगोलाने दिलेलं उत्तर अर्धंच आहे. उरलेलं अर्धं उत्तर असं की मुख्य भूमीवरच्या कुठल्याच जिल्ह्याला ते आपल्या दारात नकोय.

१९९६ मध्ये क्लिंटन आणि जपानचे पंतप्रधान हाशिमोतो यांच्या काळात ओकिनावातला फुतेन्मा तळ परत द्यायचं ठरलं, अट अशी की बदली तळ ओकिनावातच, आणि त्यासाठी पुढे हेनोकोची जागा ठरली. २०१९ च्या सार्वमतात मतदान करणाऱ्यांपैकी ७२ टक्के लोक त्यासाठी समुद्रात भराव टाकायच्या विरोधात गेले. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यपालांनी डिझाइन बदलाला मंजुरी नाकारली तेव्हा टोकियोने त्यांचा अधिकार स्वतः वापरून ती मंजुरी देऊन टाकली. बेसच्या खर्चाचा सध्याचा करार मार्च २०२७ पर्यंत आहे. त्यानंतरचा आकडा किती असावा यावर वॉशिंग्टन आणि टोकियो पुन्हा भांडतील, तात्या पुन्हा काहीतरी बोलतील, आणि ओकिनावाची राजधानी नाहाहून त्या बैठकीला याही वेळी कोणाला बोलावणं जाणार नाही.